लाईट बंद आहे

बाथरूममध्ये आरशावर एक दिवा लावायचा, एवढंच काम होतं. धरण बांधायचं नव्हतं की बोगदा खणायचा नव्हता. एक दिवा, दोन स्क्रू आणि वीतभर वायर. पण हे काम प्रूफवाल्यांनी स्वतः करायचं ठरवलं आणि तिथून पुढे जे झालं ते आठवलं की ते अजूनही हातातलं काम खाली ठेवतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात.

प्रूफवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. छापखान्यात येईल तो मजकूर तपासायचा, ऱ्हस्वाचं दीर्घ करायचं, दीर्घाचं ऱ्हस्व करायचं, असं काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की इमारतीत त्यांना दुसरं नाव उरलंच नव्हतं. सेक्रेटरीने जिन्यात 'आज पाणि येणार नाही' असा कागद चिकटवला, की हे खिशातून लाल पेन काढून पाणी दीर्घ करणार आणि मगच ऑफिसला जाणार. पाणी यायचं नाहीच, पण निदान शुद्ध तरी यायचं नाही.

घरात त्यांचं खास वैर होतं ते 'लाईट' या शब्दाशी. बायको म्हणायची, "अहो, लाईट गेली." हे अंधारात बसून विचारायचे, "कोण गेली? दिवा गेला की वीज गेली? दिवा लावतो तेव्हा लाईट, वीज येते तेव्हाही लाईट, आणि बिल येतं तेही लाईटचं. एका शब्दाला किती कामं लावायची माणसाने?"

"बरं, वीजपुरवठा खंडित झाला," बायको म्हणायची. "आता मेणबत्ती शोधा."

तर त्या बाथरूमची गोष्ट. बाथरूम लांबट, अरुंद, खिडकी म्हणजे वरती एक झडप. छताला एक पिवळा बल्ब लोंबायचा. त्याच्या उजेडात माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे ते आवाजावरून ओळखावं लागायचं. घरातल्यांना सवय होती. प्रश्न सासूबाईंचा होता.

सासूबाई धाकट्या मुलीकडे राहायच्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा डोळा मनात येईल तेव्हा काम करायचा. थोरलीकडे त्या दोन तास यायच्या, चहा घ्यायच्या आणि परत जायच्या. राहा म्हटलं तर म्हणायच्या, "राहिले असते गं, पण तुझ्या न्हाणीघरात मला काही दिसत नाही. पडलेबिडले तर तुम्हालाच त्रास." बायकोने किती वर्षं मनात धरलं होतं की आई एकदा तरी आपल्याकडे महिनाभर राहावी. सकाळी उठून आईला चहा द्यावा, तिचे केस विंचरून द्यावेत, दुपारी दोघींनी नुसतं पडून गप्पा माराव्यात. यातलं काहीच फार मोठं नव्हतं. धाकटीला हे सगळं रोज मिळत होतं आणि थोरलीला ते बोलूनही दाखवता येत नव्हतं, कारण बोललं तर धाकटीला वाईट वाटायचं.

शेवटी एका रविवारी सासूबाई चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "बाथरूमात चांगला उजेड करा, मी पुढच्या महिन्यात येते. महिनाभर राहते." बायकोने तो कप न विसळता तसाच हातात धरून ठेवला. त्याच संध्याकाळी तिने पुढच्या खोलीतली कॉट भिंतीकडून खिडकीकडे सरकवली आणि नवी चादर आणली.

सासूबाईंना घ्यायला साडू आले होते. साडू हा माणूस मनाने चांगला होता आणि प्रूफवाल्यांची खरी अडचण हीच होती. वाईट माणसाचा राग धरायला बरं पडतं. या माणसाकडे ड्रिल मशीन होतं, नळाचे पाने होते, आणि कुणाच्याही घरी काही बिघडलं की हा हसत हसत हजर व्हायचा. तो म्हणाला, "साडूभाऊ, मी येतो ना सुट्टीला. अर्ध्या तासाचं काम आहे. नाहीतर सरळ वायरमन बोलवा. विजेचं काम आहे हे, काना-मात्रेचं नव्हे."

सगळे हसले. सासूबाईही हसल्या. बायकोही हसली, फक्त तोंडावर पदर धरून. प्रूफवाले हसले नाहीत. त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "दिवा मी लावणार. यात वायरमनला काय बोलवायचं?"

दुसऱ्या दिवशी ते दुकानातून दिवा घेऊन आले. दिवा मात्र खरंच देखणा होता. चकचकीत स्टीलची पट्टी, वर दुधी काच, आणि वाफ आत जाऊ नये म्हणून कडेने रबराची रिंग. मागून तीन वायरी निघालेल्या: लाल, काळी, हिरवी. दुकानदार म्हणाला, "ओल्या जागेत लावताय ना? मग हिरवी नीट जोडा हं." प्रूफवाल्यांनी मान डोलावली. ज्या गोष्टी आपल्याला कळत नाहीत तिथे ते कायम जरा जास्तच जोरात मान डोलवत.

छतावरच्या बल्बने ही बातमी कुठून ऐकली कोण जाणे, पण नवा दिवा घरात आला त्याच दिवशी तो उडाला. त्यामुळे बोळातल्या दिव्याच्या उजेडात, दार अर्धं उघडं ठेवून आंघोळी चालल्या होत्या. गाणी म्हणत आंघोळ करायची, म्हणजे आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळावं, असा नियम झाला होता. प्रूफवाल्यांना गाणं येत नसल्यामुळे ते पाढे म्हणत.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहत. त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू व्हायचं, म्हणून सगळी इमारत त्यांना अनुभव म्हणायची. जिन्यात त्यांनी दिव्याचं खोकं पाहिलं आणि ते मागोमाग घरातच आले.

"माझा अनुभव सांगतो," अनुभव म्हणाले. "विजेचं काम म्हणजे काही नाही. पायात रबरी चप्पल घालायची आणि रंगाला रंग जोडायचा. लालला लाल, काळीला काळी. बस्स."

"आणि हिरवी?"

"हिरवी शोभेची असते. कापून टाकायची."

हा अनुभव त्यांना कुठे आला होता, हे विचारायचं प्रूफवाल्यांना सुचलं नाही. नंतर कळलं की अनुभवांच्या घरातलं सगळं विजेचं काम त्यांचे मेव्हणे करत आणि अनुभव खाली उभे राहून शिडी धरत. शिडी धरल्याचा अनुभव मात्र दांडगा होता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी प्रूफवाले रबरी चपला घालून, दातांत बॅटरी धरून, बाथरूममध्ये स्टुलावर चढले. बल्बचं जुनं होल्डर सोडवायचं होतं. आता या माणसाला मेन स्विच बंद करायचा असतो हे माहीतच नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण मेन स्विच होता स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि हे एकदा स्टुलावर चढले होते, आणि उतरायचं म्हणजे पुन्हा चढणं आलं. म्हणून त्यांनी बॅटरी तोंडातून काढून स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, लाईट बंद आहे का?"

बघा. आयुष्यभर ज्या शब्दाचा पंचनामा केला, तोच शब्द ऐन वेळी तोंडातून निघाला. स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाला 'वीजपुरवठा' म्हणायला सुचत नाही.

आतून बायको म्हणाली, "बंदच आहे की! केव्हाची बंद आहे!"

तिचंही काही चुकलं नव्हतं. बाथरूमची लाईट चार दिवस बंदच होती. प्रूफवाल्यांनी निर्धास्तपणे होल्डरात स्क्रूड्रायव्हर घातला.

विजेने त्यांना धरून ठेवलं नाही, झटकून दिलं, हे नशीब. स्क्रूड्रायव्हर एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, आणि प्रूफवाले पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीत. कोपरापासून खांद्यापर्यंत मुंग्या, आणि बादली काही केल्या सुटेना. बायको धावत आली. आधी तिचा चेहरा पांढराफटक पडला. नवरा बोलतोय, म्हणजे जिवंत आहे, असं दिसल्यावर मग तो लाल झाला.

"लाईट बंद आहे का, असं विचारलं होतं मी तुला!"

"मग मी काय खोटं सांगितलं? बंद नव्हती का?"

"मी विजेबद्दल विचारत होतो!"

"मग वीज म्हणायचं! एरवी आम्हाला शिकवत असता ना? आणि मेन काय मी बंद करायचा? हात कुणाचा होता त्याच्यात?" तिचा आवाज एकदम फुटला. "काही झालं असतं तर? आई आली नसती तर मेले नसते मी. तुम्ही बोलवा कुणालातरी. भाऊजींना फोन करते मी."

ती फोन करते म्हणाली नसती तर प्रूफवाले कदाचित तिथेच थांबले असते. अंग दुखत होतं, पँट ओली होती, मन घाबरलं होतं. पण साडू येणार, हसत येणार, अर्ध्या तासात दिवा लावणार, आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक जेवणाला बादलीची गोष्ट सांगणार. ते म्हणाले, "कुणाला फोन करायचा नाही. आता मेन मी स्वतः बंद करतो."

मेन त्यांनी खरंच बंद केला. तिथवर बरोबर होतं. मग त्यांनी भिंतीतली जुनी पेटी उघडली, आणि आत बघतात तो सगळ्याच वायरी काळ्या. ज्या कुणी या इमारतीत वायरिंग केलं होतं त्याच्याकडे त्या दिवशी एकाच रंगाचं भेंडोळं असणार. लालला लाल जोडायला लाल होतीच कुठे? मग उरला अनुभवांचा दुसरा नियम: काळीला काळी. प्रूफवाल्यांनी पेटीतल्या सगळ्या काळ्या एकत्र पिळल्या, त्यांत दिव्याची काळी घातली, आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. विजेची नव्हे, खोकी बंद करायची. विजेची येणारी बाजू आणि परत जाणारी बाजू अशी एकमेकींच्या गळ्यात घालून ते खाली उतरले आणि त्यांनी मेन लावला.

आवाज मोठा झाला. भिंतीतल्या पेटीतून धूर आला, फ्रीज आचका देऊन थांबला, आणि जिन्यातून अनुभवांचा आवाज आला, "माझा अनुभव सांगतो, काहीतरी उडालं!"

मग मात्र वायरमन बोलवावाच लागला. हा वायरमन फोनवर "येतोच" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी यायचा. आला तो स्वतःवर फारच खूष होता. सगळीकडे टेस्टर लावून त्याने आपण कुठकुठल्या बंगल्यांत कामं केली ते सांगितलं, आणि मग म्हणाला, "घरातला फ्यूज उडायला हवा होता. तुमच्याकडे आधी कुणीतरी त्यात जाडी तार घालून ठेवलीये, उडू नये म्हणून. म्हणून खाली मीटरजवळचा कटआउट, म्हणजे कंपनीचा मोठा फ्यूज, उडाला. त्याला सील आहे. त्याला मी हात लावला तर लायसन जाईल. वीज ऑफिसात जा, त्यांचा माणूस आणा."

घरी काही न सांगता प्रूफवाले परस्पर वीज ऑफिसात गेले. तिथे चौकशीच्या खिडकीवर एक कारकून बसला होता, आणि त्याच्याकडे बघून असं वाटत होतं की आपण येण्याआधी तो सुखात होता.

"काय तक्रार?"

"आमच्या घराचा वीजपुरवठा खंडित झाला आहे."

"म्हणजे लाईट गेली?"

"गेली नाही. इमारतीत सगळ्यांकडे आहे. फक्त आमच्याकडे नाही."

"म्हणजे लाईट बंद आहे."

प्रूफवाल्यांनी उसासा टाकला. "हो. बंद आहे."

"एकाच घराची बंद?" कारकुनाने मान हलवली. "ती रांग."

त्या रांगेत बरीच माणसं होती आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. प्रूफवाल्यांना वाटलं, उकाड्याने असेल. वर पाटी होती: 'थकबाकीदार ग्राहक'. पाटी त्यांनी वाचली. वाचली म्हणजे काय, त्यात काही चुकलं आहे का ते तपासलं. काही चुकलेलं नव्हतं, म्हणून अर्थाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. जन्मभर जे करत आले तेच त्यांनी तिथेही केलं.

आणि नेमके तेवढ्यात साडू आले. आपलं बिल भरायला आले होते, हातात ड्रिल नसलेले ते पहिल्यांदाच दिसत होते. त्यांनी प्रूफवाल्यांना पाहिलं, वरच्या पाटीकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू पार मावळलं.

"साडूभाऊ? तुम्ही इथे?"

आता इथे खरं सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी वायरी चुकीच्या जोडल्या आणि फ्यूज उडवला. पण ते वाक्य काही केल्या बाहेर येईना. काना-मात्रेचं काम नव्हे, हे डोक्यात घुमत होतं. प्रूफवाले जमिनीकडे बघत म्हणाले, "लाईट बंद आहे आमची."

"फक्त तुमची?"

"हो. जरा अडचण आहे. होईल दोन दिवसांत."

साडूंनी आवाज खाली आणला. "कधीपासून?"

"परवापासून. माझीच चूक. आधीच लक्ष द्यायला हवं होतं."

"अहो, येते माणसावर अशी वेळ," साडू म्हणाले आणि त्यांनी प्रूफवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मोठमोठ्या लोकांवर येते."

याला कळलंय तर, प्रूफवाल्यांना वाटलं. कळूनही हसला नाही, चांगला माणूस आहे. त्यांना एकदम भरून आलं. ते म्हणाले, "एक करा. घरी बोलू नका. सासूबाईंना तर मुळीच नको. बायकोलाही मी इथे आलोय ते ठाऊक नाही."

"माझ्यावर सोपवा," साडू म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

हे ऐकून तुम्ही कपाळावर हात मारून घेतला असेल. प्रूफवाले मात्र त्या क्षणी सुखावले होते.

रांग संपल्यावर खिडकीतल्या बाईंनी त्यांचं बिल पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमची काहीच बाकी नाही. तुम्ही इथे का उभे?" मग त्यांना पुन्हा चौकशीवर पाठवलं, कारकून म्हणाला, "मग आधी सांगायचं ना, उडाली म्हणून," आणि यथावकाश ऑफिसचा माणूस येऊन नवा कटआउट बसवून सील लावून गेला.

त्याच्यामागोमाग वायरमन आला. मेन बंद करून, तो बंद असल्याचं टेस्टर लावून बघून, मग त्याने पेटीतल्या काळ्या वायरी एकेक सोडवल्या. कुठली येणारी आणि कुठली जाणारी ते शोधून त्यांना रंगीत पट्ट्या लावल्या. अनुभवांनी शोभेची ठरवलेली हिरवी त्याने अर्थिंगला जोडली. "स्टीलच्या पट्टीत कधी करंट उतरला तर तो या वायरीतून जमिनीत जाईल, आंघोळ करणाऱ्याच्या अंगातून नाही," तो म्हणाला आणि पुन्हा बंगल्यांच्या गोष्टींकडे वळला. फ्यूजमधली जाडी तार काढून त्याने बारीक घातली. मग दाराबाहेरचं बटण दाबलं.

काय उजेड पडला! फरशीवरचा साबणाचा थेंबही दिसायला लागला. नळ चमकला. बायको दारात उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "आई इथे सुई ओवेल." तिने ताबडतोब फोन लावला.

"आई, लाईट आली! आता कधी येतेस सांग. कॉट पण खिडकीशी केलीये."

पलीकडून काय बोलणं झालं ते प्रूफवाल्यांना ऐकू येत नव्हतं. बायकोचं एवढंच ऐकू येत होतं: "म्हणजे? ... काय सावरायचंय आमचं? ... नाही गं, काही त्रास नाही ... आई, तू यायचं म्हणाली होतीस." मग ती बराच वेळ नुसतंच "हं" म्हणत राहिली. फोन ठेवून ती म्हणाली, "आई येत नाही म्हणते. तुमचं आधी सावरू दे म्हणते. लाईट आली हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं की रडलीच. दिव्यासाठी कुणी रडतं का हो?"

प्रूफवाल्यांना काही उलगडा झाला नाही. दोन दिवसांनी साडू आले तेव्हा झाला. साडूंच्या हातात चार्ज करून ठेवायचा मोठा कंदील होता. "आईंनी पाठवलाय," ते म्हणाले. "पुन्हा कधी कापली तर जवळ असावा."

"काय कापली?"

साडूंनी बायको आत आहे ना ते बघून घेतलं आणि हळूच विचारलं, "मागचं सगळं बिल भरलंत ना? नाहीतर मी आहे. अनमान करू नका."

आत्ता कुठे प्रूफवाल्यांच्या डोळ्यांपुढे ती पाटी आली. सगळे शब्द अगदी शुद्ध.

"अहो, तसं नव्हतं ते! मी फ्यूज उडवला होता! मी स्वतः वायरी जोडल्या, चुकीच्या जोडल्या. मी बादलीत पडलो होतो!" ज्या बादलीपायी एवढं लपवलं ती त्यांनी स्वतःहून साडूंसमोर आणून ठेवली.

"बरोबर," साडू समजूतदारपणे म्हणाले. "आम्ही सगळ्यांना तसंच सांगितलंय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"कुणी विचारलं तर. फ्यूज उडाला, असंच. आईंना मात्र सांगावं लागलं हो. इकडे यायची बॅग भरून बसल्या होत्या. अशा वेळी आणखी एक माणूस तुमच्यावर कशाला?"

प्रूफवाल्यांनी बिलाच्या पावत्या आणून दाखवल्या. साडूंनी त्या बघितल्याही नाहीत. "भरलंत ना, झालं तर मग. मागचं कशाला उगाळायचं?" आणि पुन्हा तो खांद्यावर हात. त्या हाताखाली माणूस कसा लहान लहान होत जातो ते ज्याच्या खांद्यावर तो पडलाय त्यालाच कळेल.

दाराशी बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. साडू गेल्यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कॉटच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तुम्ही म्हणालात त्यांना, घरी बोलू नका म्हणून?"

"म्हणालो. पण ते..."

"माझी आई तिकडे काय विचार करत बसली असेल. मुलीच्या घरात अंधार आहे आणि मुलीला त्याचं कारणही ठाऊक नाही. म्हणून ती मला फोनवर काही बोलली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून." तिने नव्या चादरीवरची नसलेली सुरकुती सारखी केली. "सगळे हसले असते तर काय बिघडलं असतं हो? मीही हसले असते. आणि आई आज इथे असती."

बायकोचं म्हणणं जिथल्या तिथे होतं आणि त्यात दुरुस्तीला कुठेही जागा नव्हती.

मग सासूबाई एका दुपारी आल्या. राहायला नव्हे, दोन तासांसाठी. सोबत साडू होतेच. प्रूफवाल्यांनी आदल्या दिवसापासून मनाशी तयारी केली होती. चहा झाल्याबरोबर ते सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. स्टूल, बादली, काळ्या वायरी, थकबाकीची रांग. स्वतःला त्यांनी गाढव म्हटलं, मूर्ख म्हटलं, काहीही म्हणजे काहीही राखून ठेवलं नाही. साडूंसमोर बोलले. शेवटपर्यंत बोलले.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "बघ गं. स्वतःला गाढव म्हणवून घेतील, पण घरातली पैशांची ओढाताण बाहेर पडू देणार नाहीत. असा माणूस शोधून सापडायचा नाही. नशीब काढलंस हो."

"आई, अगं, ते खरं बोलतायत," बायको म्हणाली.

"हो गं बाई. खरंच बोलतायत." आणि त्यांनी मुलीच्या गालावरून हात फिरवला. "तूही त्यांना सांभाळून घेतेस, हेच चांगलं आहे."

आणखी जितकं सांगावं तितकी ही दोघं त्यांच्या नजरेत मोठी होत होती.

"राहा ना आई," ती शेवटी म्हणाली. "आठ दिवस तरी."

"राहीन की. पळून का जातेय? सगळं नीट मार्गी लागू दे, मग हक्काने राहीन." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "निघायच्या आधी जरा हात-तोंड धुते."

बायको पुढे झाली. तिने बाथरूमच्या दाराबाहेरचं बटण दाबलं आणि आतला सगळा उजेड बोळात आला. सासूबाई दारात थांबल्या. डोळ्यांवर हात धरून त्यांनी त्या दिव्याकडे पाहिलं, रबराच्या रिंगसकट नीट पाहिलं.

"छान आहे हो दिवा," त्या प्रूफवाल्यांना म्हणाल्या. "फार छान लावलाय."

आणि त्यांनी चाचपडत बटणापर्यंत हात नेला आणि तो बंद केला.

"आई, असू दे ना," बायको म्हणाली.

"दुपार आहे गं. कशाला उगीच जाळायचं? दिसतंय मला."

दिसत नव्हतं. भिंतीला हात लावत लावत त्या आत गेल्या. प्रूफवाल्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला, तो बायकोने मनगटाशी धरला. तिने मान हलवली. पुन्हा लावला असता तर आईने पुन्हा येऊन बंद केला असता. मग ती दाराच्या चौकटीला टेकली आणि अंधारात बघत म्हणाली, "आई, पुढे एक पायरी खाली आहे. हळू. नळ डाव्या हाताला. आणखी थोडा पुढे."

आतून भिंतीवरून हात फिरल्याचा आवाज येत राहिला.

"सापडला गं," सासूबाई म्हणाल्या, आणि पाणी सुरू झालं.